हवेतले ठोसे

दिवाळीच्या खरेदीत चेन्नईतल्या टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर कोपर हलवायलाही जागा नसते. मांबलम स्टेशनातून उतरलेली गर्दीच माणसाला साड्यांच्या दुकानात नेऊन सोडते. हातपाय मोकळे करायचे तर टी. नगरकराला घरच गाठावं लागतं, आणि तिथेही डोक्यावर पंखा गरगरत असतो. तरी हॉलमधलं टीपॉय भिंतीला सरकवून दोन भाऊ टीव्हीसमोर मुठी आवळून उभे राहतात. एका हातात निन्टेंडो वी या गेम कन्सोलचा रिमोट, दुसऱ्या हातात त्याला जोडलेला नंचक, मधे वायर लोंबकळतेय. बॉक्सिंग सुरू.

थोरल्याने पा. रंजित यांचा ‘सारपट्टा परंबरै’ (2021) हा चित्रपट पाहिलेला. सत्तरच्या दशकातल्या उत्तर मद्रासच्या बॉक्सरांसारखा तो पाय रोवतो, कंबरेतून वळतो, खांदा घालून ठोसा हाणतो. धाकटा सोफ्याला टेकून नुसतं मनगट झटकतो आणि बहुतेक वेळा तोच जिंकतो.

यात लबाडी नाही. 2006 साली आलेल्या निन्टेंडो वीच्या रिमोटला ठोसा दिसतच नाही. आतला ॲक्सेलरोमीटर वेग किती झटक्यात बदलला तेवढं मोजतो. त्यामागे वजन किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. 2009 मध्ये मोशनप्लस या रिमोटच्या जोडणीने जायरोस्कोप जोडला, तेव्हा मनगटाचा पीळ नीट कळू लागला. थोरल्यासारखे जीव तोडून खेळणारे मात्र जगभर होते. रिमोट हातातून निसटून उडू लागले, आणि डिसेंबर 2006 मध्येच कंपनीला सुमारे 32 लाख मनगटी दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली.

अंग हलवून खेळायचा सेगा कंपनीचा ॲक्टिव्हेटर हा कंट्रोलर त्याहून जुना, 1993 चा. जमिनीवर अष्टकोनी चौकट, तिच्यातून वर जाणारे इन्फ्रारेड किरण. लाथ मारली की किरण तुटायचा आणि गेमला वाटायचं, बटण दाबलं. म्हणजे एवढी उडी मारून माणूस शेवटी बटणच दाबत होता!

अंग हलवून खेळण्यातली खरी अडचण वेळेची. फायटिंग गेम साधारणपणे सेकंदाला 60 फ्रेमने धावतो. एक फ्रेम जेमतेम 17 मिलिसेकंदांची. अंगठा तिथे चटकन पोचतो, अख्खा हात मागे राहतो.

2017 च्या ‘आर्म्स’ या फायटिंग गेममध्ये निन्टेंडोने यावर झकास तोड काढली. तिथल्या लढवय्यांचे हात स्प्रिंगसारखे लांबतात, त्यामुळे मूठ समोरच्यापर्यंत पोचायला मुळातच वेळ लागतो. तेवढ्यात मनगट वळवलं की ठोसाही वाटेत वळतो. उशीर हाच खेळ झाला. अर्थात, बटणांनी खेळायची सोय त्यातही आहे. सोफ्यावरच्या मंडळींना दुखवून कसं चालेल?