शीळ घातली कुणी?

पहाटेचे पाच. बाहेर धो धो पाऊस आणि आत आम्ही चौघीजणी रजया डोक्यावरून ओढून गाढ. तिघी आयटीवाल्या आणि मी कायमची कडकी फ्रीलान्सर, गेल्या जुलैत वीकएण्डला आंबोली गाठलेल्या. आणि खिडकीबाहेर कुणीतरी शीळ घालतंय! सूर धरायचा, थोडा वर न्यायचा, मध्येच सोडून द्यायचा. गाणं कुठलं ते कळेना, पण थांबायचं नाव नाही.

इथेही मवाली आहेतच का, म्हणत मी छत्री घेऊन तावातावाने दार उघडलं. पडवीत चूल पेटवत बसलेल्या काकी खो खो हसल्या. "अगो, बापयो खंयचो! पाखरू ता."

तो होता शीळकरी कस्तूर. इंग्रजीत मलबार व्हिसलिंग थ्रश. साहेबाने त्याला 'व्हिसलिंग स्कूलबॉय' असं नाव ठेवलं होतं, म्हणजे फसलेली मी काही पहिली नव्हे. लांबी साधारण २५ सेंटीमीटर, दुरून चक्क काळा. उजेड पडला की मात्र कपाळावर आणि खांद्यावर असा निळा चमकतो, की महागातली पैठणी झक मारते. सह्याद्रीतले ओढे आणि धबधबे हे त्याचं घर. किडे, गोगलगायी, बेडूक, खेकडे, झालंच तर रानफळं, सगळं चालतं. हिवाळ्यात फारसा गात नाही. पावसाळा आला की गळा मोकळा, कारण तोच त्याचा विणीचा हंगाम.

आणि तोच आपला भिजण्याचा हंगाम.

त्या दुपारी मोठ्या धबधब्यावरची गर्दी टाळून आम्ही एका छोट्या धबधब्याखाली अड्डा जमवला. सोबत स्पीकर. समोरच्या खडकावर कस्तूर आला, चोचीत काहीतरी वळवळतंय, शेपटी उघडतोय-मिटतोय आणि कर्कश ओरडतोय. "पोज देतोय बघ," म्हणत आम्ही धडाधड फोटो काढले.

संध्याकाळी काकींना ते फोटो दाखवले. त्यांचं हसू गेलं. "थंय घरटा आसा तेचा. दर वर्साक."

पाण्यालगतच्या खडकाच्या कपारीत शेवाळ, मुळं आणि चिखल लावून ते करतात. दोन ते चार अंडी, सोळा-सतरा दिवस उबवायची. मग नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात. म्हणजे तो पोज देत नव्हता. डबा घेऊन दारात उभा होता आणि दारात आम्ही नाचत होतो, तब्बल अडीच तास.

रात्री झोप लागली नाही. पहाटे सहाला एकटीच गेले, रस्त्याच्या पलीकडे कठड्याआड बसले. थोड्या वेळाने तो आला, चोच भरलेली. इकडेतिकडे पाहिलं, कपारीत शिरला, रिकाम्या चोचीने बाहेर. मग दुसरा आला. वीस मिनिटांत पाच खेपा मोजल्या आणि नाक का गळतंय ते मला कळेना. पावसामुळेच असेल.

तेवढ्यात एक गाडी थांबली. चारही दारं उघडली, गाणं सुरू.

मी उठून गेले. "इथे काय बघताय? मोठा धबधबा पुढेच आहे. तिथे गरमागरम भजीपण मिळतात."

गेले बिचारे.