दीड इंचाचं देणं

कुरवंड्याचे आबा माझे कोणी लागत नव्हते. ते घरमालक आणि मी भाडेकरू. घराच्या मागच्या अंगाला एक खोली, बाहेर मोरी, वर सिमेंटचा पत्रा. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये मी हिशेब लिहायला होतो आणि गावात भाडं परवडत नव्हतं, म्हणून नौदलाचा आयएनएस शिवाजी तळ ओलांडून इथं येऊन राहिलो. सख्ख्या माणसांनी केलेलं आपण हक्कानं घेतो, त्याची नोंद ठेवत नाही. ज्याच्याशी करारनामा फक्त भाड्याचा होता त्या माणसानं केलेलं मात्र आठवत राहतं.

कुरवंडे हे गाव नागफणीच्या पाठीशी आहे. पर्यटक या सुळक्याला ड्यूक्स नोज म्हणतात, वर महादेवाचं देऊळ आहे. सुट्टीच्या दिवशी पोरं बाइक घेऊन येतात, गावात लावतात आणि वर चढतात. गावाच्या पुढं घाट कोकणात चावणीकडे उतरतो. १६६१ साली कारतलबखान आपलं अवजड सैन्य घेऊन याच घाटानं खाली उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडीत धरलं. आबांना ही गोष्ट फार प्रिय. कोणी जास्त सामान लादून ट्रेकला निघालेला दिसला की ते ओट्यावरून म्हणायचे, “खान चालला बघ.”

आबा आयएनएस शिवाजीच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर होते. १९४५ साली सुरू झालेला हा नौदलाचा तळ जहाजांच्या इंजिनांचं शिक्षण देतो. समुद्रापासून इतक्या उंचावर, सह्याद्रीच्या माथ्यावर जहाजाचं इंजिन शिकवतात याची मला गंमत वाटायची, आबांना वाटायची नाही. त्यांची सगळी नोकरी मापं घेण्यात गेली होती. “जहाजाचा शाफ्ट डोळ्याला सरळच दिसतो,” ते सांगायचे, “डायल लावली की कळतं किती खोटा हाय ते.” स्वतः मात्र ते बजाजच्या जुन्या चेतकवरून फिरत. स्पोर्ट बाइकवर ते जन्मात बसले नव्हते आणि पुढंही बसले नाहीत.

माझी गाडी होती यामाहाची आर१५, दुसरी आवृत्ती, पिंपरीतल्या एका मुलाकडून जुनी घेतलेली. त्यानं ती मागून खाली बसवली होती. या गाडीचा मागचा मोनोशॉक लिंकवर बसतो. लेथवाल्याकडून वेगळ्या मापाची लिंक करून घेतली की शॉकला हात न लावता मागची बाजू खाली येते. दीडेक इंच उतरवलेली होती. टायर शेपटीखाली घुसलेला, सीट खाली, गाडी लांबलचक. भुशी धरणाजवळ लावली की मुलं थांबून फोटो काढायची आणि मलाही ते आवडायचं. हे रूप आलं ड्रॅग रेसिंगमधून. कुरवंड्यापासून वीसेक किलोमीटरवर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१३ नंतरच्या वर्षांत ‘व्हॅली रन’ व्हायची. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, नाकासमोर सरळ. तिथल्या हायाबुसा मागून लांब केलेल्या आणि जमिनीला टेकलेल्या असत, कारण तेवढी ताकद एकदम चाकात उतरली की पुढचं चाक हवेत जातं. वजन खाली आणि चाकांतलं अंतर जास्त असेल तर ते जमिनीवर राहतं. त्या गाड्यांना वळायचं नसतं, हा सगळा हिशेबच वळण सोडून मांडलेला असतो. सतरा अश्वशक्तीच्या गाडीचं पुढचं चाक असंही आपण होऊन उठत नाही. पण फोटोत ताकद दिसत नाही, ठेवण दिसते.

२०२० साली टाळेबंदी लागली, रिसॉर्टला कुलूप पडलं आणि माझा पगार थांबला. आबांनी भाडं मागितलं नाही. मी विषय काढला तेव्हा आबांच्या पत्नी, काकूच म्हणाल्या, “खोली कुठं पळून चाललीय का?” दोन्ही वेळचं जेवणही हळूहळू त्यांच्याकडेच व्हायला लागलं. तेही कोणी ठरवून केलं नाही. एकट्यासाठी गॅस कशाला पेटवायचा, एवढंच कारण सांगितलं गेलं. भाडं मी पुढं फेडलं. जेवणाचं काय फेडणार.

मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि घाट चढून मावळातही आलं. घरांवरचे पत्रे उडाले, झाडं पडली, वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाहिलं तर माझी गाडी आडवी. शेजारच्या दोन्ही बाइक तशाच उभ्या होत्या.

मी वाऱ्याला शिव्या घालत गाडी उचलली आणि स्टँडला लावली. आबा लांबूनच बघत होते. जवळ येऊन त्यांनी गाडीला हात लावला नाही, आधी शेजारच्यांच्या गाड्यांकडे बघितलं, मग माझ्या.

“तुझी गाडी स्टँडवर ताठ का उभी हाय रं?”

बाजूचा स्टँड गाडीच्या मूळ उंचीसाठी केलेला असतो. गाडी खाली आणली आणि स्टँड तेवढाच ठेवला की ती त्याच्यावर कलत नाही, जवळपास सरळ उभी राहते, आणि मग स्टँडच्या बाजूनं आलेला धक्का तिला पाडायला पुरतो. एवढं एका नजरेत ओळखल्यावर त्यांनी विचारलं की रात्री धुक्यात समोरचं दिसतं का. नव्हतं दिसत. मागची बाजू बसली की हेडलाइट वर बघायला लागतो, आणि कुरवंड्याच्या धुक्यात वर गेलेला उजेड पांढरी भिंत होऊन आपल्यावरच परत येतो. मी बल्बला दोष देत होतो. मग त्यांनी वळणाचं विचारलं. टायगर पॉइंटच्या रस्त्यावर गाडी वळणात उशिरा झुकायची आणि बाहेर जायची. ते मी टायरवर ढकललं होतं.

काकू दारातून म्हणाल्या, “म्हस बसल्यावानी दिसती ती.” मुलं जिचे फोटो काढत होती त्या गाडीचं हे पहिलं प्रामाणिक परीक्षण.

काम कुठलंच नव्हतं, पेट्रोल जपून वापरायचं होतं. त्या जूनमध्ये आम्ही तिघांनी गाडी मोजली. आबांकडे स्टीलची पट्टी, गवंड्याचा ओळंबा आणि सुतळी होती. मागच्या ॲक्सलपासून शेपटीखाली मारलेल्या खुणेपर्यंतचं अंतर तीनदा घ्यायचं: चाक अधांतरी असताना, गाडी स्वतःच्या वजनावर असताना आणि मी वर बसलेलो असताना. यासाठी तीन माणसं लागतात. मी बसायचो, आबा मोजायचे, काकू गाडी धरायच्या आणि आकडे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायच्या. सीलमध्ये घर्षण असतं, त्यामुळे शॉक जिथं सोडाल तिथं थोडा अडकून राहतो. म्हणून एकदा गाडी दाबून हळू वर येऊ द्यायची, एकदा उचलून हळू खाली बसू द्यायची, आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची. याला सॅग म्हणतात हे मला नंतर वाचून कळलं. आबा त्याला ‘गाडीची बैठक’ म्हणत. मागच्या चाकाची चाल १२५ मिलिमीटर. माणूस बसल्यावर त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा खर्च व्हावा, बाकीचा खड्ड्यांसाठी शिल्लक राहावा.

मग त्यांनी मला पुढच्या चाकाचं शिकवलं. हँडल ज्या आसावर फिरतं त्याच्या रेषेत सुतळी ताणून जमिनीला टेकवली, ॲक्सलवरून ओळंबा सोडला. दोन खुणांमध्ये जे अंतर पडलं तो ट्रेल. सुतळी पुढं टेकते, चाक मागं. म्हणून चालत्या गाडीत चाक सतत आपणहून सरळ व्हायला बघतं. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ रस्त्यावर शांत पण वळायला जड, कमी असेल तर वळायला चपळ पण खड्ड्यात हँडल अस्वस्थ. कंपनीच्या गाडीत आसाचा कल २६ अंश आणि ट्रेल सुमारे १०० मिलिमीटर. चाकांतलं अंतर १३४५ मिलिमीटर, त्यात मागची बाजू ४० मिलिमीटर खाली आली की अख्खी गाडी दीड-पावणेदोन अंशांनी मागं कलते, आणि ट्रेल सेंटीमीटरभर वाढतो. शिवाय पुढच्या चाकावरचं वजनही थोडं कमी होतं. टायरचा काही दोष नव्हता.

मला वाटलं होतं आता आबा मला दिखाऊपणावर ऐकवतील. ते त्यांनी कधीच केलं नाही. चेतकला दसऱ्याला ते स्वतः पॉलिश करत आणि तिच्या क्रोमच्या पट्टीवर डाग पडला तर दिवसभर नाराज असत. उलट मी त्यांना सांगितलं की २००८ सालच्या पहिल्या आर१५ची शेपूट बसकी होती, लोकांना आवडली नाही, म्हणून २०११ साली दुसऱ्या आवृत्तीत कंपनीनं सीट दोन तुकड्यांत केली आणि शेपूट वर उचलली. म्हणजे कंपनीही दिसण्यासाठीच झटली होती. आबांनी लगेच विचारलं, “तेवढंच केलं का आणखी काही?” आणखी बरंच केलं होतं: चाकांतलं अंतर ५५ मिलिमीटरनं वाढवलं, मागचा टायर १०० वरून १३० चा घातला, स्विंगआर्म ॲल्युमिनियमचा केला. “मग बरोबर,” ते म्हणाले. एक बदललं तर बाकीच्यांना विचारून बदलायचं, एवढीच त्यांची अट. मला ती आजही कुठल्याही सुंदर-विरुद्ध-उपयोगी वादापेक्षा शहाणी वाटते.

नाना पेठेतली स्पेअर्सची दुकानं उघडल्यावर मूळ मापाची लिंक आणली. बसवली, चेन पुन्हा ताणली, कारण मागची उंची बदलली की चेनचा ढिलेपणाही बदलतो. मी लगेच पुढच्या शॉकअपचे पाइपही टी-प्लेटमधून १० मिलिमीटर वर काढावेत म्हणत होतो, गाडी आणखी चपळ होईल म्हणून. आबांनी पाना हातातून काढून घेतला. आधी हे चालवून बघ. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं ते सांगणार कोण? पुढं तेही करून पाहिलं. वळणात गाडी खरोखर हलकी झाली, पण पावसानं उखडलेल्या डांबरावर हँडल हाताशी भांडायला लागलं, तेव्हा पाइप पुन्हा खाली. स्टँडवर मात्र गाडी पहिल्याच दिवसापासून कललेली उभी राहिली.

त्या गाडीनं मला त्यानंतर कितीतरी पावसाळे सुखरूप आणलं-नेलं. त्यात कुठल्या वळणावर ते दीड इंच कामाला आले, हे सांगता येत नाही. जे घडलंच नाही त्याची पावती कोण देतं? आबांना मी पैसे देऊ केले तेव्हा ते खरोखर चिडले होते. शेवटी एक डायल गेज आणून दिला, तो त्यांनी ठेवून घेतला आणि त्याच दिवशी चेतकच्या चाकाला लावून बघितला. रिम वाकडी निघाली. २०२२ च्या पावसाळ्यानंतर आबा गेले. मी तोवर तळेगावला राहायला आलो होतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली. त्याच महिन्यात काकूंचा फोन. नातवानं केटीएम आरसी घेतली होती आणि ‘ती पण म्हशीसारखी बसवलीय, तू येऊन सांग, माझं ऐकत नाय.’ गेलो. या गाडीला लिंक नाही, शॉक थेट स्विंगआर्मवर बसतो. पोरानं मागच्या स्प्रिंगचा ताण पार सोडून टाकला होता. त्यानं शॉकची लांबी कमी होत नाही, फक्त बैठक खोल जाते आणि गतिरोधकावर गाडी तळाला आपटते. त्यानं मला मोबाइलवर दाखवलं: मोटोजीपीच्या गाड्यापण सुटताना बसतात! बसतात खऱ्या, डुकाटीनं आणलेल्या यंत्रणेनं. पण ब्रेक लागला की त्या पुन्हा उठतात, वळणाच्या आत मूळ उंचीवर असतात. यातलं काहीच त्याला पटलं नाही. दिसते तर भारी, म्हणाला. दिसत होतीच.

मी वाद घातला नाही. पट्टी काढली आणि म्हटलं, मोजू तर. तो मापं घेणार, मी बसणार. काकूंनी न सांगता शेपूट धरली. त्यानं वाकून आकडा सांगितला आणि लिहायला पेन शोधू लागला.

“लिहू नगंस,” काकू म्हणाल्या. “नुसती दाबून सोडलीस. आता उचलून सोड. दोन्हीच्या मधला आकडा लागतो.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उतरलो, गाडी उचलून हळूच खाली सोडली आणि पुन्हा वर बसलो. आकडा सात मिलिमीटरनं वेगळा आला.