कुठं उभा होतास?

फोटो समोर आला की ‘वा, मस्त!’ तोंडातून निघायच्या आत तो नीट बघून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. कौतुकाने काढणारा सुखावतो, पण त्याच्या हाताला काही लागत नाही. वर्ध्यातले आम्ही काही हौशी लोक अधूनमधून रविवारी एकमेकांचे फोटो बघायला बसतो. प्रत्येक फोटोला पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठं उभा होतास? आणि दुसरा, किती वाजले होते?

रात्रीच्या आकाशाचा फोटो असेल तर आधी तो पडद्यावर पूर्ण मोठा करतो आणि मधला एखादा तारा बघतो. तोच फुगलेला दिसला तर फोकस हुकलेला. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवला की हे होतं. त्यापेक्षा एखादा ठळक तारा कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहापट मोठा करावा, रिंग केसभर मागेपुढे फिरवावी आणि तो सगळ्यात बारीक होईल तिथे थांबावं. तारे टिंबांऐवजी रेघा झाले असतील तर शटर जास्त वेळ उघडं राहिलं. आमच्यातल्या बहुतेकांकडे १८ मिमीची साधी लेन्स आहे. तिच्यावर १५-१८ सेकंदांच्या पुढे गेलं की पृथ्वीचं फिरणं फोटोत उतरतं. मधले तारे नीट, पण कोपऱ्यातल्यांना पंख फुटलेले असतील, तर तो लेन्सचा दोष. तिथे काढणाऱ्याला बोल लावू नये, छिद्र थोडं बारीक कर म्हणावं.

हे सगळं शिकवता येतं. अवघड असतो तो पहिला प्रश्नच.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने गेले आणि ज्याच्या हातात मोबाइल होता त्याने ते टिपले. रात्रभर ‘उल्कावर्षाव’ म्हणून ते फिरत राहिले. उल्का सेकंद-दोन सेकंदांत विझते. हे तुकडे सावकाश, एकामागून एक, बघणाऱ्याला घरातल्यांना हाका मारून बाहेर बोलावता येईल इतका वेळ जात होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. त्या रात्रीच्या फोटोंत मला सर्वांत मोलाचे वाटले ते हललेले, दिसायला ओबडधोबड. कारण त्यांच्या कडेला कुणाच्या गच्चीचा कठडा होता, पाण्याची टाकी होती. त्यावरून दिशा काढता येत होती. नुसता काळा चौकोन आणि त्यात झळझळीत रेघ, असा फोटो देखणा असेल, पण त्याला काही विचारता येत नाही.

आमच्या जिल्ह्यात हा धडा जुनाच आहे. सेवाग्रामला आश्रमातल्या कनू गांधींना बापूंचे फोटो काढायची परवानगी मिळाली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून कॅमेरा आला. कुटीतल्या मंद उजेडात जे मिळेल ते घ्यायचं, माणसाला हलवायचं नाही, हलायचं ते आपण. त्यातली काही चित्रं दाणेदार आहेत, काही पाठमोरी. मी ती पुन्हापुन्हा बघतो, कारण काढणारा कुठे उभा होता ते प्रत्येकात कळतं.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजातल्या एका मुलाने आर्वीकडच्या त्याच्या गावच्या मारुतीच्या देवळाचा फोटो आणला. शिखरामागे आकाशगंगेचा गाभा, वृश्चिक, धनू, सगळं लखलखीत. सगळे ‘वा’ म्हणाले. मी विचारलं, “मारुती दक्षिणमुखी ना रे?” “हो काका.” मग फोटोत आहे तसं दारासमोर उभं राहिलं की आपलं तोंड उत्तरेला. तिथे वीस-एकवीस अंशांवर ध्रुव असतो. वृश्चिक तिकडे कधीच येत नाही. वर्ध्याहून तो गाभा दक्षिणेला दिसतो, फार तर चाळीस अंश वर, मेच्या मध्यात रात्री दोनच्या सुमारास.

मुलगा ओशाळला. देवळाचा आणि आकाशाचा, दोन्ही फोटो त्याचेच होते, एकाच रात्रीचे. त्याने आकाश उचलून इकडे बसवलं होतं. त्याच्या मेहनतीबद्दल मला शंका नव्हती, आणि ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. “देवळाच्या मागे जा, तिकडून दक्षिणेकडे बघ. जे दिसेल ते आण.”

पुढच्या अमावास्येनंतर तो आला. देवळाची मागची भिंत, तिला टेकवलेली जुनी सायकल, धुऱ्यापलीकडे पऱ्हाटीसाठी नांगरून ठेवलेलं वावर, मध्येच विजेचा खांब, आणि या सगळ्यावर तीच आकाशगंगा. क्षितिजाजवळ कुठल्याशा गावाचा पिवळट उजेड. मला हा फोटो आधीच्यापेक्षा कितीतरी आवडला. एकजण म्हणाला, खांब पुसून टाक. मी म्हटलं, खांब राहू दे. फक्त तो ज्येष्ठा ताऱ्याला चिकटतोय, तेवढा दोन पावलं डावीकडे सरकून पुन्हा काढ. यावर बराच वेळ वाद झाला. मुलगा मात्र वहीत पुढच्या अमावास्येची तारीख लिहीत होता.