एक चुकलेला पाठ

बमरोलीत दिवस उजाडतो तो कोंबड्याच्या आरवण्याने नव्हे. मागांची खडखड तेथे रात्रभर चालूच असते. पाळी बदलली, रस्ता माणसांनी भरला आणि रातपाळीचे लोक डोळे चोळीत घराकडे वळले, म्हणजे सकाळ झाली असे समजावयाचे. सुरतेच्या दक्षिण अंगाला, पांडेसऱ्याला लागून असलेल्या या वस्तीतल्या एका शाळेत गेल्या वर्षी आम्ही सराव पाठ घेण्यासाठी जात होतो. आम्ही अद्याप शिक्षक नाही, होऊ घातलेले आहोत. तेव्हा पुढील हकीगत वाचकांनी उमेदवाराची म्हणूनच वाचावी.

शाळा मराठी माध्यमाची. सुरत महानगरपालिका गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांतून प्राथमिक शाळा चालविते, आणि पोटासाठी आलेल्यांनी भरलेल्या शहराला ही गोष्ट भूषणावह आहे, यात शंका नाही. मुले मराठी, पुस्तक मराठी, शिकविणारेही मराठी. मग अडचण ती कसली, अशा समजुतीने आम्ही तिसरीच्या वर्गात पाऊल टाकले.

पाठाचा विषय होता ‘माझे घर’. टाचण चांगले दोन पाने लिहून नेले होते. वडील काय करतात, असे विचारताच मागच्या ओळीतला एक मुलगा उठून म्हणाला, “मना बाप रातपाळीले जास, आनि दिवसभर जपस.”

पहिले वाक्य आम्हांस कळले. ‘बाप’ नव्हे, ‘वडील’ म्हणावे, अशी दुरुस्तीही आम्ही तत्परतेने केली. दुसऱ्या वाक्याने मात्र आम्ही भारावून गेलो. रात्रभर मागावर उभा राहणारा मनुष्य दिवसभर नामस्मरण करतो! आम्ही त्या अज्ञात भक्ताची मनसोक्त स्तुती केली, फळ्यावर लिहिले, ‘माझे वडील दिवसभर जप करतात’, आणि साऱ्या वर्गाकडून ते तीन वेळा म्हणवून घेतले. मुले हसू दाबीत होती. तो मुलगा तेवढा खाली बघत उभा होता.

मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकाबाईंनी सांगितले, की अहिराणीत ‘जपणे’ म्हणजे झोपणे.

बाईंना हसू आवरेना. आम्हीही हसलो, पण पुढचे आठ दिवस तो मुलगा वर्गात एक शब्दही बोलला नाही, तेव्हा ते हसू घशात अडकले. बापाची थट्टा झाली असे त्याला वाटले असल्यास त्याचे काय चुकले? त्याने घरातले खरे तेच सांगितले, आणि आम्ही त्याच्या तोंडी खोटे वाक्य घातले, तेही शुद्ध मराठीत.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर या बाजूची असंख्य कुटुंबे सुरतेत स्थायिक झाली आहेत. त्यांतील अनेकांच्या घरची भाषा अहिराणी. ती मराठीची बहीण खरी, परंतु तिचे काही रूप गुजरातीशी अधिक जुळते. ‘शाळेत’ या अर्थी मूल ‘शाळामा’ म्हणते, ते शेजारच्या गुजराती मुलाला चटकन कळावे. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ साली, खानदेशीची नोंद भिल्ली बोलींबरोबर केली. पंडितांनी तिला कोठेही ठेवावे. आमच्या टाचणात मात्र तिला जागाच नव्हती.

हे आम्हांला तरी कळावयास हवे होते. आमचे घर कोकणी बोलणारे. पोथी आणि कीर्तन मराठीत, भांडण आणि अंगाई कोकणीत. पहिलीत असताना आम्ही आईला ‘आवय’ म्हटले म्हणून वर्ग हसला होता. कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ साली मान्यता दिली, १९९२ साली ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. तरी त्या हसण्याची आठवण अजून बुजलेली नाही. आणि खडू हाती येताच आम्ही तेच केले! या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळांना ही घरची आणि शाळेची दुहेरी ये-जा ठाऊक असेलच.

प्रशिक्षणात आम्हांला ताराबाई मोडक अभ्यासावयास होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर गुजराती बालकांत काम केलेली ही मराठी बाई १९४५ साली बोर्डीस गेली, पुढे कोसबाडला. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी कुरणातच शाळा नेली. परीक्षेत यावर आम्ही उत्तम उत्तर लिहिले होते. मात्र शाळा कुरणात नेणारीला त्या कुरणातले शब्दही उचलावे लागले असतील, हा विचार तेव्हा मनाला शिवला नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. एका खोलीचे घर. दाराला जुन्या साडीचा पडदा, आत पंख्याखाली त्याचे वडील गाढ झोपलेले. मुलाने तोंडावर बोट ठेवून आम्हांस उंबऱ्यातच थांबविले, आणि प्रथमच, अगदी हळू आवाजात, तो आमच्याशी बोलला, “जपेल शे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘झोपतात’ आणि ‘जपस’, आणि आपली चूक वर्गाला सांगितली. मग अहिराणी शब्द विचारू लागलो. मुले सांगत, आम्ही उच्चारीत असू, आणि आमचा उच्चार चुकला की सर्वांआधी तोच मुलगा सुधारून देई. त्या पाठाच्या वहीत परीक्षकांनी ‘प्रमाणभाषेकडे दुर्लक्ष’ असा शेरा मारला. तो अगदीच चुकीचा होता असे नाही. ‘झोपतात’ हा शब्दही मुलांना यावयासच हवा.

तास संपता संपता त्या मुलाने विचारले, की तुमच्या घरी झोपण्याला काय म्हणतात? आम्ही खडू उचलून तिसरा शब्द लिहिला, ‘न्हिदता’. त्यावर वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी तो मुलगाही.