दुबळ्यांचें आरमार

आरमाराचा इतिहास म्हटला कीं बहुधा दोन-तीन मजली तोफांच्या जहाजांचीच कथा वाचावयास मिळते. नेपोलियनच्या काळचा समुद्र म्हणजे नेल्सन आणि इ. स. १८०५ ची ट्रॅफल्गारची लढाई, एवढेंच पुष्कळांच्या मनांत ठसलेलें असतें. आमचें मन मात्र त्याच काळच्या एका निराळ्या, किरकोळ म्हणून बाजूस पडलेल्या आरमाराकडे पुनः पुनः वळतें. तें वल्ह्यांचें आरमार होतें. त्यांतील एकेका होडीवर एक किंवा फार तर दोन मोठ्या तोफा असत. आणि ज्या राष्ट्रानें तें उभारलें त्याच्या लढाऊ नौका शत्रूनें ओढून नेल्या होत्या.

डेन्मार्क त्या वेळीं नॉर्वेसह एकाच राजाच्या सत्तेखालीं होतें व युरोपांतील झगड्यापासून अलिप्त राहूं पाहत होतें. पण नेपोलियन त्याचें आरमार बळकावील या भीतीनें इंग्रजांनींच अगोदर हात घातला. १८०७ च्या सप्टेंबरांत, ता. २ पासून ५ पर्यंत, त्यांनीं कोपनहेगन शहरावर तोफांचा व अग्निबाणांचा भडिमार केला. शेंकडों नागरिक मेले, घरें जळालीं, ७ तारखेस शहर शरण आलें, आणि पुढच्या महिन्यांत डेन्मार्कच्या लढाऊ जहाजांचा ताफा इंग्लंडच्या वाटेस लागला. अपमान सोसून तह करण्याची वाट मोकळी होती. डेन्मार्क नेपोलियनला जाऊन मिळालें आणि होड्या बांधूं लागलें.

या होड्यांची विद्या मुख्यत्वें शेजारच्या स्वीडनची. फ्रेडरिक हेन्रिक आफ चॅपमन (१७२१–१८०८) या नौकाशिल्पकारानें उथळ पाण्यांत व बेटांच्या दाटींत चालणाऱ्या तोफनौकांचे घाट तेथें बसविले होते. १७९० सालीं फिनलंडच्या किनाऱ्यावर स्वेन्सक्सुंडच्या लढाईंत स्वीडनच्या किनारी आरमारानें रशियनांची दाणादाण केली होती. डेन्मार्कच्या मोठ्या होडीवर नाळेस एक व पिछाडीस एक अशा २४ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा आणि साठसत्तर माणसें असत. धाकटीवर पिछाडीस एकच तोफ व चोवीसएक माणसें. या धाकट्या होडीस शत्रूवर चालून जातांना उलटें वल्हवावें लागे, कारण तिचें लढण्याचें तोंड मागच्या बाजूस! नेम धरावयाचा तर सबंध होडीच फिरवावयाची. लोकांनीं पैसा दिला, आणि पाहतां पाहतां होड्यांची संख्या शेंकड्यांवर गेली.

या होड्यांचा वैरी वारा आणि मित्र निर्वात समुद्र. वारा पडणें म्हणजे काय, हें कोंकणच्या खाडींतून शिडाच्या मचव्यानें गेलेल्यास सांगावयास नको. आम्हीं लहानपणीं तें पुष्कळदां अनुभविलें आहे. शीड लोंबूं लागतें, तांडेल आकाशाकडे पाहत बसतो, आणि एखादी क्षुद्र डोंगी दोन वल्ह्यांवर आपणांस मागें टाकून निघून जाते. आंग्ऱ्यांच्या आरमारानें अठराव्या शतकांत हेंच जाणलें होतें. त्यांचीं वल्ह्यांचीं गलबतें गुराबांना ओढीत नेत आणि खोळंबलेल्या जहाजाची पिछाडी, जेथें तोफा थोड्या, तेथें गांठीत. डेन्मार्कच्या खलाशांना कुलाब्याचें नांव ठाऊक असावयाचें कारण नाहीं. परंतु पाणी सगळीकडे एकच धडा शिकवितें.

१८०८ सालीं तो धडा इंग्रजांसही मिळाला. १६ मे रोजीं नॉर्वेंत बर्गेननजीक ‘टार्टर’ ही त्यांची फ्रिगेट वाऱ्याअभावीं अडकली. चारपांच लहान नौकांनीं तिला झोडपलें आणि तिचा कप्तान बेट्सवर्थ ठार झाला. ९ जून रोजीं साल्टहोम बेटाजवळ व्यापारी ताफ्याचें रक्षण करणारी ‘टर्ब्युलंट’ कैद झाली व दहाएक व्यापारी गलबतेंही गेलीं. २० ऑक्टोबरास ओरेसुंडच्या सामुद्रधुनींत ६४ तोफांचें ‘आफ्रिका’ सांपडलें. हें जहाज ट्रॅफल्गारला लढून आलेलें! सुमारें साठ माणसें मेलीं वा घायाळ झालीं, आणि काळोख पडला म्हणूनच तें वांचलें.

पण वारा कायमचा पडून राहत नाहीं. होडी आपला किनारा राखते. दूरचा समुद्र तिच्या हातीं येत नाहीं. बंगालमधील श्रीरामपूर हें डॅनिश ठाणें. कॅरीचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें तेथेंच छापलें गेलें. तें ठाणें १८०८ सालीं इंग्रजांनीं सहज घेतलें. त्याहून कठीण प्रसंग नॉर्वेवर आला. डेन्मार्कचें धान्य इंग्रज गस्तीमुळें पोंचेना. लोक झाडाची साल दळून भाकरींत मिसळूं लागले. इब्सेनच्या ‘टेर्ये वीगेन’ (१८६२) या काव्याचा नायक वल्ह्यांच्या होडींतून डेन्मार्कहून धान्य आणावयास निघतो, ती होडी या युद्धाची दुसरी बाजू होय. ६ जुलै १८१२ रोजीं लिंगोर येथें ‘नायादेन’ ही नवी फ्रिगेट बुडाली, १८१३ मध्यें राज्याचें दिवाळें निघालें, आणि १४ जानेवारी १८१४ च्या कीलच्या तहानें नॉर्वे स्वीडनकडे गेलें.

मग हें सारें व्यर्थ झालें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. जगांतील सर्वांत बलाढ्य आरमाराला त्या सामुद्रधुनींतून व्यापारी ताफे नेतांना रक्षक नौका द्याव्या लागल्या, आणि वारा पडला कीं प्राण मुठींत धरावा लागला. लुटल्या गेलेल्या राष्ट्राला ताठ मानेनें उभें राहण्यास तेवढें बळ पुरलें. परंतु मान ताठ ठेवण्याची किंमत ज्यांनीं दिली त्यांत वल्हीं मारणारे थोडे व सालीची भाकरी खाणारे पुष्कळ होते. दुबळ्यांच्या शौर्याचें कौतुक करावें, अवश्य करावें. मात्र तें करतांना त्यांच्या घरच्या रित्या कणगीकडेही एकदां पाहावें, असें आमचें मत आहे.