द्वारा आजोबा

रोज सकाळी कॉलेजला निघताना मी वाईला आईला फोन लावतो. अगदी चित्रासकट, घरच्या वायफायवर! बोलत बोलत चपला घालतो, जिना उतरू लागतो. आणि पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी नेमका आईचा चेहरा गोठतो. तोंड अर्धवट उघडे, चष्मा नाकावर घसरलेला. तिची समजूत एकच, की मी घाईने फोन ठेवला. तसे ती बोलून दाखवीत नाही. दुसऱ्या दिवशी "वेळ आहे ना रे तुला?" असे विचारते, इतकेच.

शेवटी मी याचे कारण शोधायला बसलो. (मराठीच्या प्राध्यापकाने असल्या फंदात पडू नये, हे मान्य!) निघाले ते पत्त्याचे प्रकरण. इंटरनेटवर फोनला अंकांचा एक पत्ता असतो. गाडीतून जाताना टॉवर बदलले तरी बिघडत नाही. कंपनीचे जाळे फोनला हातोहात पुढच्या टॉवरकडे सोपविते, पत्ता सहसा तोच राहतो. पण वायफाय सुटून मोबाइलचे जाळे लागले, की बिऱ्हाडच बदलले! पलीकडचे शब्द जुन्या दाराशी येऊन खोळंबतात.

यावर १९९६ साली 'मोबाइल आयपी' नावाची एक तोड लेखी नियमांत मांडली गेली. मूळ पत्त्यावर एक कारभारी ठेवायचा, जाऊ तिथला तात्पुरता पत्ता त्याला कळवायचा, आणि आलेले सारे त्याने तिकडे धाडायचे. त्या तात्पुरत्या पत्त्याचे नाव वाचून मी चमकलोच: 'केअर-ऑफ अ‍ॅड्रेस'. म्हणजे आपले 'द्वारा'!

वडिलांची नोकरी बदलीची. सांगोला, तासगाव, चिपळूण. पत्रे मात्र वाईलाच येत. आजोबा जुना पत्ता एका रेघेने खोडून शेजारी नवा लिहीत आणि स्वतः पेटीत टाकून येत. १९८९ साली ते अंथरुणाला खिळले. "आईचे बरे नाही, येऊन जा," असे मामाचे पत्र त्या महिन्यात वाईच्या कोनाड्यातच पडून राहिले. आई माहेरी पोचली ती तेराव्याला.

२०२१ मध्ये 'क्विक' नावाचे नवे नियम प्रमाण ठरले. त्यांत संभाषणालाच स्वतःची खूण असते. पत्ता बदलला तरी ओळख मोडत नाही. आमच्या जिन्यापर्यंत ते अजून पोचलेले दिसत नाहीत. वायफाय बंद करूनच फोन लावावा, असे मुलीने सुचविले. तसे केले, तर चेहरा गोठेना.

मोठ्या उत्साहाने हे सगळे मी आईला सांगितले, आजोबांसकट. ती ऐकत राहिली.

"ते ठीक आहे," ती म्हणाली, "पण चपला घालायच्या आधी बोललास, तर नाही का चालणार?"

हल्ली मी दहा मिनिटे लवकर आवरतो.