बियाचं दोडकं

आमच्या परसात न्हाणीचं पाणी मुरायचं, तिथं पारोश्या दोडक्याचा वेल असायचा. कुणी त्याला घोसाळं म्हणतं, खानदेशात गिलकं. मृगाचा पाऊस पडला की आजी बी टोकायची. श्रावण-भादव्यात वेल शेवग्यावर चढून पिवळ्या फुलांनी भरून जायचा. कवळी दोडकी भाजीला जायची, चकत्या भज्यांना. पण वेलाच्या बुडाकडचं एक लांब, जाडजूड दोडकं आजी हेरून ठेवायची आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधायची.

"ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. बियाचं हाय."

थंडी पडेपर्यंत ते दोडकं वेलावरच वाळायचं. हलकं फूल व्हायचं आणि हलवलं की आत खुळखुळायचं. आजी टोकाकडचं झाकण मोडून सुपात बिया झाडायची. काळ्या, चपट्या बिया राखेत घोळवून त्यांची पुरचुंडी आढ्याला टांगायची. मग पाण्यात भिजवून साल सोलली की आतली पांढुरकी जाळी निघायची. तिचे चार तुकडे करायचे. एकेक तुकडा दोन-तीन महिने पुरायचा. म्हणजे एका दोडक्यात पुढच्या सालाचं बी आणि वर्षभराची घासणी.

भांडी घासायची जागा वेलाशेजारीच. चुलीतली राख चाळून एका फुटक्या मडक्यात ठेवलेली असायची. राखेतल्या खारानं तेलकटपणा सुटतो. तांब्यापितळेला चिंच लागायची, आंबटानं कळंक जातो. कल्हईच्या पातेल्याला आतून मात्र माती किंवा वाळू लावायची नाही, कल्हई उडते. तिथं ही जाळीच बरी. काम झालं की आई जाळी पिळून खिळ्याला वाऱ्यावर अडकवायची. ओली पडू दिली तर तिला वास येतो आणि ती लवकर कुजते.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. दसऱ्याच्या आधी गावात रामलीलेचा खेळ आला होता. आम्हा पोरांना मारुतीचं वेड लागलं. गदा कुठून आणायची? वेलावर ती लोंबतच होती, वर तांबडी चिंधीसुद्धा. मी पिरगाळून दोडकं तोडलं आणि दुपारभर गल्लीत राक्षस मारले. संध्याकाळी आजीनं ते हातात घेतलं, कानाशी धरून हलवलं. वाजलं नाही. विळीवर चिरून पाहिलं. आत बी पांढरं, मऊ.

"कवळं हाय," एवढंच म्हणाली. मारलं नाही की रागावली नाही. ते मला जास्त लागलं.

त्या सालात वेलावर पुन्हा राखण्याजोगं दोडकं धरलं नाही. आईनं देवळातल्या नारळाच्या शेंड्या गोळा करून त्यावर भांडी घासली. आमच्याकडं नारळ फक्त देवाला आणि लग्नाला, त्यामुळं शेंड्याही पुरायच्या नाहीत. मग नुसती राख आणि चिंधी. आईच्या बोटांची पेरं उलली होती. राखेचं कौतुक आम्ही पुरुष फार करतो. ती भांडी घासणारे हात आमचे नव्हते, हे विसरून.

खरी अडचण मृगात आली. पुरचुंडी रिकामी. बी होतं फक्त धाकट्या आजीकडं, म्हणजे आजीच्या जावेकडं. बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलेलं. आजी दोन दिवस घुम्यासारखी होती. तिसऱ्या दिवशी मला पुढं घालून त्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली.

"पोरानं बियाचं दोडकं मोडलं. चार बिया असल्या तर बघ."

धाकटी आजी आत गेली आणि मूठभर बिया घेऊन आली. "तुमचंच बी हाय, आक्का. दोन सालामागं तुमीच दिलंवतं." मग म्हणाली, "च्या टाकू का?" बांधाचा वाद मिटला नाही, पण बोलणं सुरू झालं.

पुढं स्टीलची भांडी आली, साबणाची वडी आली, बाजारातून हिरवी घासणी आली. आईला ती आवडली, आणि का आवडू नये? हात कमी दुखायचे. पण घासणी विकत मिळू लागल्यावर दोडकं वाळेपर्यंत राखायचं कारणच उरलं नाही. आजी गेली आणि दोन-तीन वर्षांत आमचा वेलही गेला.

मध्यंतरी शहरातल्या आमच्या मोरीत जाळीवर हिरवा भुगा साचलेला दिसला. घासणी झिजत होती आणि न कुजणारं ते प्लॅस्टिक पाण्याबरोबर गटारात चाललं होतं. सुनेला म्हटलं, तर तिनं पर्यावरणाला चांगली म्हणून एक घासणी मागवली. वेष्टन उघडलं आणि मी हसलोच. आमचीच जाळी! नीट कापलेली, दाबून चपटी केलेली. सवयीनं उलटी करून झाडली. बी नव्हतं.

गावी गेलो तेव्हा धाकट्या आजीच्या सुनेकडं गेलो. त्यांच्या परसात वेल होता. काकू म्हणाल्या, "आत्याबाई सांगायच्या, हे बी मूळचं तुमच्या घरचं."

यंदा आमच्या गावच्या कुंपणावर वेल चढलाय. दोन दोडक्यांना चिंध्या बांधल्यात. एकाचं बी घरात राहील, दुसऱ्याचं काकूंकडं आणि आणखी दोन घरी जाईल. घरचं बी कधी मोडलंच, तर मागायला एखादं दार असावं.